शेवट आधी फोडायचा नाही

नववीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझा तास म्हणजे धडा वाच, तारखा फळ्यावर लिही, आणि मागचे दोन बाक झोपलेत की जागे आहेत बघ, एवढाच असायचा. मग उत्साहात नाटक बसवलं. तलवारी, मुकुट, सगळं पुठ्ठ्याचं. पोरांनी धमाल केली आणि परीक्षेत काय लिहिलं तर शून्य, कारण दोन आठवडे गेले मुकुट चिकटवण्यात. तेव्हापासून कॉस्च्युम बंद.

बऱ्याच उशिरा लक्षात आलं की कंटाळा तारखांचा नसतो, शेवट आधीच फुटलेला असतो त्याचा असतो. धड्याचं नावच "अमक्याचा पराभव" असेल तर पुढे वाचायचं कशाला? म्हणून आता मी गोष्ट मधेच थांबवते आणि पोरांना विचारते, आता तुम्ही काय करणार?

यातला माझा सगळ्यात आवडता तास म्हणजे क्युबाचा पेचप्रसंग. तारीख १६ ऑक्टोबर १९६२, सकाळ, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या टेबलावर फोटो येतात की क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहतायत. बास, इथे पुस्तकं बंद. सहा-सात जणांचे गट, प्रत्येक गटाला चार पर्याय: गप्प बसून बोलणी करा, समुद्रातून नाकाबंदी करा, विमानातून हल्ला करा, नाहीतर सरळ सैन्य उतरवा. दहा मिनिटं देते आणि कारण लेखी मागते, नाहीतर नुसता आरडाओरडा होतो. दर वेळी निम्मी पोरं "उडवून टाका मॅडम" म्हणतात आणि मी त्यांना अजिबात टोकत नाही, कारण खऱ्या बैठकीतही सुरुवातीला हल्ल्याकडेच कल होता. मग हल्लावाल्या गटांच्या हातात एक चिठ्ठी ठेवते: क्युबात छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रंही पोचलेली होती, अमेरिकेला ते तेव्हा माहीतच नव्हतं, १९९२ मधे हवानाच्या परिषदेत उघड झालं. चिठ्ठी वाचल्यावर एक मुलगा बराच वेळ नुसता कागदाकडे बघत होता, मग म्हणाला "पण आम्हाला हे सांगितलंच नव्हतं." अरे, त्यांनाही कुठे कोणी सांगितलं होतं!

नाकाबंदीला केनेडींनी "क्वारंटाईन" का म्हटलं यावर तर वेगळाच वाद रंगतो, कारण नाकाबंदी म्हणजे युद्धाची कृती धरली जाते, आणि पोरांना तो शब्द फक्त कोरोनामुळे माहीत. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं अमेरिकेने गुपचूप कबूल केलं होतं हे मी मुद्दाम पुढच्या तासाला ठेवते. मधल्या सुट्टीत दोघी-तिघी येऊन विचारतात, शेवटी काय झालं सांगा ना. मी सांगत नाही.

एक मात्र पाळते. कत्तली, गुलामांचा बाजार, छळछावण्या, असल्या गोष्टींची ॲक्टिंग वर्गात करायची नाही. तिथे साक्षी वाचायच्या, शांतपणे. खेळ केला की कोणीतरी हसतं, आणि ज्याला लागतं तो गप्प बसतो.

इतिहासाची साधनं शिकवायची असतील तर १९ एप्रिल १७७५, लेक्झिंग्टन, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक. पहिली गोळी कोणी झाडली? ब्रिटिशांचे जबाब म्हणतात समोरच्यांनी, तिथल्या लोकांचे जबाब म्हणतात सैनिकांनी, आणि नक्की कोणी ते आजही ठरलेलं नाही. पोरांना आधी हे झेपत नाही, "पण बरोबर उत्तर काय?" चालू होतं. परीक्षेची सवय, दुसरं काय.

नागरिकशास्त्राला मात्र नुसती गोष्ट पुरत नाही, काहीतरी खरंच पणाला लावावं लागतं. निवडणुकीच्या धड्याला मी ऑफ तास पणाला लावला. ४० मुलं, तीन पर्याय, खेळ, पिक्चर, क्विझ, आणि प्रत्येकाने पहिली-दुसरी-तिसरी पसंती लिहायची. १६ जणांनी लिहिलं खेळ, क्विझ, पिक्चर. १४ जणांनी पिक्चर, क्विझ, खेळ. उरलेल्या १० जणांनी क्विझ, पिक्चर, खेळ. (खरे आकडे जरा वेडेवाकडे होते, इथे सोपे केलेत.) नुसती पहिली पसंती मोजली तर १६ मतांनी खेळ जिंकला, लगेच मागच्या बाकावर शिट्ट्या. मग म्हटलं, थांबा, फ्रान्समधे राष्ट्राध्यक्ष निवडताना पहिल्या फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं नसतील तर दुसरी फेरी होते, तसं करू. क्विझ बाहेर, त्यांची १० मतं पिक्चरला, २४ विरुद्ध १६, पिक्चर जिंकला. आता दुसऱ्या कोपऱ्यात शिट्ट्या. मग एकेक जोडी लावली, १८व्या शतकात कॉन्डॉर्से या फ्रेंच गणितज्ञाने सुचवलं होतं तसं: क्विझ खेळाला २४-१६ ने हरवतं आणि पिक्चरला २६-१४ ने. म्हणजे पहिल्या मोजणीत जे तळाला होतं तेच दोघांना भारी!

एकही मत बदललेलं नाही आणि विजेते तीन. वर्गात जो गोंधळ उडाला विचारू नका, "मोजायचं कसं ते आधी ठरवायला पाहिजे होतं" असं एक मुलगी बाकावर हात आपटून सांगत होती, दुसरा म्हणाला ठीक आहे, मोजायचं कसं यावरच मतदान घेऊ, तर तिने विचारलं ती मतं कशी मोजणार. मी खुर्चीत बसून नुसती ऐकत होते. या भांडणात ऑफ तासच संपला, ना खेळ झाला ना पिक्चर ना क्विझ.