चौदा वर्षांची गुप्तहेर आणि पौर्णिमेची भरती : किशोर रहस्यकादंबरी लिहिण्याचा माझा अनुभव

ही कादंबरी मी शेवटाकडून लिहायला घेतली. खोटं कोण बोलतं आणि ते कशावरून पकडलं जातं, हे पक्कं झाल्याशिवाय पहिल्या प्रकरणाला हात लावायचा नाही, एवढं आधी ठरवलं. गाव काल्पनिक, पण भूगोल गुहागर तालुक्यातला : खाडीचं तोंड, एका अंगाला पुळण म्हणजे वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला खडप म्हणजे खडकाळ किनारा. आजोबांचं मृत्युपत्र पेटीतून नाहीसं होतं. संशयित सांगतो, "पौर्णिमेच्या रात्री बाराला मी खडपावरून चालत घरी आलो." इथेच तो फसतो. पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते, तीही उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठी. तिथून त्या वेळी कोणी चालत येऊच शकत नाही.

भरतीचा ढोबळ हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना येतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या आसपास भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास पुढेमागे ओहोटी. आराखड्याला एवढं पुरतं, पुराव्याला पुरत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हिशेबात ४५ धरलेली असतात. शिवाय तिथीचा क्षय-वृद्धी असतोच, म्हणजे एखादी तिथी गळते, एखादी दोन दिवस येते. म्हणून रहस्य मिनिटांवर टांगू नये. मी दोन्हीकडे तास-तासभर मोकळा ठेवला आणि शेवटी छापील भरतीच्या कोष्टकाशी सगळं ताडून पाहिलं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो प्रकरणं पुढेमागे करताना. एखादा प्रसंग दोन दिवस पुढे ढकलला की भरती पावणेदोन तासांनी सरकते, चंद्र उशिरा उगवतो, आणि "चांदण्यात ओळखला" हे वाक्य खोटं ठरतं. त्यासाठी एक मोठा कागद भिंतीवर लावला. रकाने पाच : तारीख, तिथी, भरती-ओहोटी, चंद्रोदय, त्या वेळी कोण कुठे. प्रसंग हलवला की पाचही रकाने पुन्हा भरायचे.

गुप्तहेर मुलगी चौदा वर्षांची. तिला स्कूटर चालवता येणार नाही, म्हणून सायकल, एसटी आणि फेरीबोट. शेवटची फेरी चुकली की रात्र पलीकडेच, तेव्हा घरी काय सांगायचं याचं उत्तर त्याच पानावर हवं. मोठी माणसं सोयीनं गायब करणारी पुस्तकं मुलांना लगेच कळतात. पोलीसही तसेच. साक्षीदार म्हणून कोणत्याही वयाच्या बाईला किंवा पंधराच्या आतल्या मुलाला जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. राहत्या जागी जाऊन जबाब घ्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. त्यामुळे हवालदार ओटीवर येतो, आजी चहा ठेवते, आणि मुलगी त्याच्यासमोर सगळ्यांचे जबाब ऐकते. कायद्यानंच मला कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग दिला.

हेतू जमिनीचा. वारसनोंदीतून मुंबईच्या आत्याचं नाव गाळलेलं. सातबारा गट क्रमांक टाकून मुलीला मोबाइलवर पाहता येतो आणि त्यावरून फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा, क्रमांक मिळतो. कुणाचं कपाट फोडायला नको. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पौर्णिमेला चोरी, दुसऱ्या दिवशी नोटीस, आणि मुदत संपते अमावस्येच्या आसपास. अमावस्येला भरती पुन्हा बाराच्याच सुमारास, पुन्हा उधाणाची. मुलगी भर दुपारी सगळ्यांना खडपाशी नेते आणि संशयिताला सांगते, "आता चालून दाखवा, काका."

भरतीचा धागा वाचकाला तीन ठिकाणी मिळायला हवा. एकदाच दिला तर निसटतो. पहिला आजीच्या तोंडी, कालवं काढायला निघालेल्या शेजारणीला : "आज भांग हाय गो, खडपात जाऊन काय गावनार?" भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी. तेव्हा पाणी फारसं ओसरत नाही, खडकाला चिकटलेली कालवं उघडी पडत नाहीत. हे वाक्य परिच्छेदाच्या मध्यावर ठेवलं आणि लगेच मांजर माशाच्या टोपलीत घातली. वाचकाची नजर परिच्छेदाच्या टोकांवर जास्त रेंगाळते, म्हणून लपवायचं ते मध्ये. दुसरा धागा फेरीबोटीच्या धक्क्यावर, बुडालेल्या पायऱ्या मोजताना. तिसरा शाळेच्या भूगोलाच्या वहीत, तोही उघडउघड. बोली फक्त संवादात ठेवली, आणि एका माणसाची एकच. पुण्याच्या मुलालाही अडखळायला नको.

कच्चा खर्डा तेरा ते पंधरा वयाच्या मुलांना द्यावा आणि एकच काम सांगावं : ज्या पानावर चोर कोण ते कळलं असं वाटेल, तिथे नाव आणि कारण लिहायचं. नाव बरोबर पण कारण "तो तुसडा वाटतो" असेल, तर धागा नव्हे, पात्र सुधारायचं. कारणही बरोबर आणि पुस्तक अजून निम्मंच झालेलं असेल, तर दुसरा धागा पुढे न्यायचा. शेवटापर्यंत कुणालाच कळलं नाही, तर ते कौतुक समजू नये. वाचकाला खेळायला मिळालेलंच नाही. अशा वेळी मी भूगोलाच्या वहीचं पान आधीच्या प्रकरणात आणलं.