गिरनारच्या सांडव्यावरून

हिची गिरनारची इच्छा जुनी आणि माझी गुडघ्यांची तक्रारही तेवढीच जुनी. २०२० साली अंबाजीपर्यंत रोपवे झाला आणि माझी सबब संपली. पाळण्यात बसून निम्म्या वर जायचं, पुढचं पुढे बघू, असं म्हणत जुलैत जुनागढला उतरलो. ‘जुलैत कोण जातं?’ असं व्याह्यांनी विचारलं होतं. ऐकायला हवं होतं.

सकाळी भवनाथ तळेटीला गेलो तर वाऱ्यामुळे रोपवे बंद. तासभर चहावर काढला. डोलीचं भाडं वजनावर ठरतं. एक डोलीवाला माझ्या पोटाकडे बघून मनातल्या मनात आकडेमोड करतोय, हे मला कळत होतं. तोवर हिने भाड्याने दोन काठ्या आणल्या, एक माझ्या हातात कोंबली आणि ‘जय गिरनारी’ म्हणून चालायलाही लागली.

पायऱ्या ९९९९, असं म्हणतात. पहिल्या हजारभर पायऱ्यांना पाऊस नुसता भुरभुरत होता. मग त्याने जोर धरला आणि डोंगराचं सगळं पाणी पायऱ्यांवरून खाली यायला लागलं. माझी ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात गेली. पाण्याचा जोर मोडायला धरणाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, कधीकधी पायऱ्यांचा बांधतात, तो अनेकदा बघितलाय. पण त्यावरून उलटं चढायची वेळ कधी आली नव्हती. पायरीचा मधला भाग झिजून खोलगट झालेला, तिथून पाणी काचेसारखं खालच्या पायरीवर पडायचं. ही घाबरून कडेकडेने चालली होती. मी म्हटलं, ‘अगं, मधून चल. पाण्याला जोर असतो तिथे शेवाळ कमी धरतं, घसरशील ती कडेला.’ तिने ऐकलं. खात्यातलं ज्ञान घरात पहिल्यांदा कामी आलं.

दोन हजाराच्या आसपास माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटून जबड्यासारखा उघडला. वरून रिकामी डोली घेऊन येणाऱ्या एकाने सुतळीने तो आवळून दिला. पैसे घेतले नाहीत. ‘काका, बेसी जाओ ने,’ एवढं मात्र म्हणाला.

गोरक्षनाथाचं शिखर गुजरातमधलं सगळ्यात उंच. तिथे पोचल्यावर वाटतं, झालं. पण दत्ताचा सुळका पलीकडे, आणि मध्ये पुन्हा भरपूर उतरायचं. जमवलेला हेड, म्हणजे आमच्या भाषेत पाण्याला मिळालेली उंची, असा फुकट घालवलेला मला बघवत नाही. वर ढगाशिवाय काही दिसलं नाही. ही पादुकांपुढे उभी राहिली तेव्हा पदरातून धार लागली होती आणि ती पुजाऱ्याला ‘लादी ओली झाली हो’ म्हणून सॉरी म्हणत होती. दर्शन जेमतेम दहा सेकंद. उतरताना काय झालं ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी माझा हट्ट. तळेटीच्या रस्त्यावर अशोकाच्या आज्ञा कोरलेला खडक आहे, त्यावरच रुद्रदामन या शक राजाचा इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख. त्यातली हकीकत अशी. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात इथे सुदर्शन तलाव बांधला होता. पुढे रुद्रदामनाच्या काळात एका भयंकर पावसात याच डोंगरावरून सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्या फुगून आल्या आणि बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तेवढंच रुंद, ७५ हात खोल. हात दीड फुटाचा धरला तर लांबी ६३० फूट! मंत्र्यांनी तर हे काम होणारच नाही म्हणून अंग काढून घेतलं. सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने ते करून दाखवलं, तेही प्रजेवर जादा कर न बसवता, राजाच्या तिजोरीतून. हे सगळं मी हिला खडकापाशी उभं राहून, हातवारे करत सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग चौकशी कोणावर बसली?’

कोणावरच नाही. उलट सुविशाखाची स्तुती दगडात कोरली आहे. मला निवृत्तीला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. घड्याळ मागे पडतं.