आमच्या वाडीतली 12 मीटरची रेघ

नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा लागला आणि त्यात आमच्या माडांच्या वाडीतून, अगदी विहिरीवरून, 12 मीटरचा रस्ता गेलेला. कळलं तेही शेजाऱ्याकडून. राजपत्र कोण वाचतो?

पहिली धाव नगरसेवकाकडे. लहानपणापासून ओळखीचा. तो म्हणाला, "दादानु, तोंडी सांगान कायएक होवचा नाय. लिवन आणा." राग आला, निवडणुकीत हा सगळं तोंडीच सांगत होता. पण बोलला ते खरं. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे हरकत लेखी हवी, तीही 30 दिवसांत.

खरी कसरत सह्यांची. सातबाऱ्यावर आम्ही अकरा जण, निम्मे डोंबिवली-विरारला. नशिबाने मुदतीत गणपती आले. आरती आटोपली की मी हरकतीचा कागद पुढे करायचो. आधी सही, मग मोदक. एक चुलतभाऊ मात्र अडला. "रस्ता आला तर जागेला भाव येईल," म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. दहा सह्यांवर अर्ज दिला, पोच घेतली. हरकत एकट्यालाही घेता येते हे आधी ठाऊक असतं, तर एवढी मनधरणी केलीच नसती!

सुनावणी नियोजन समितीपुढे झाली. तीन नगरसेवक आणि बाहेरून नेमलेले जाणकार. असे जाणकार कायद्याने जास्तीत जास्त चार. मी आजोबांनी लावलेल्या माडांपासून सुरुवात केली. एका जाणकाराने थांबवून मोजणीचा नकाशा मागितला आणि विचारलं, "इथून नको, तर कुठून?" तिन्ही नगरसेवक खाली बघत बसले. रेघ सरकली तरी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातच जाणार, आणि मतं तिथेही आहेत. शेवटी मीच नकाशात वहाळाकडेच्या जुन्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, बोट ठेवलं.

समितीने तशी शिफारस केली, नगरपरिषदेच्या सभेनेही ती उचलली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर: नगरसेवकांच्या पाठपुराव्याला यश. मंजुरी मात्र राज्य सरकारची, ती अजून व्हायचीय. फाईल मंत्रालयात आहे.

पाखाडीशेजारच्या काकी हल्ली माझ्याशी बोलत नाहीत. परवा त्या मोजणीचा नकाशा कुठे मिळतो ते विचारत होत्या, माझ्या बायकोला.