ट्रूप ट्रेन, भाग ३ : चार डबे परत खोक्यात

मंडळी, आठ दिवस काम ठप्प होतं आणि चूक सर्वस्वी माझीच. अमेरिकी सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयाचा १९४३ चा 'ट्रूप ट्रेन' हा प्रचारपट समोर ठेवून एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापात, मॉडेल गाडी जुळवतोय, हे तुम्हाला माहीत आहेच. अख्खी चिलखती डिव्हिजन रेल्वेने हलवतात, तोच. उत्साहाच्या भरात चार ट्रूप स्लीपर, म्हणजे सैनिकांचे झोपायचे डबे, रंगवून टाकले. पुलमन या अमेरिकी शयनडबे कंपनीचा हिरवा इतका झकास उतरला की बायकोनेही मान डोलावली.

मग तारखा पाहिल्या. ते डबे रुळांवर आले १९४३ च्या अखेरीस, आणि माझी गाडी त्याच वर्षीच्या वसंतातली! मालडब्याच्या धर्तीचा सांगाडा, आत तीन-तीन बर्थ एकावर एक, २९ शिपाई आणि तिसाव्या बर्थवर पोर्टर, म्हणजे डब्याचा सेवक. जीव जडला होता, पण गेले खोक्यात. आता साधे पुलमन शयनडबे लावतोय. त्यात खालच्या बर्थवर दोघे, वर एक. अशा खालच्या-वरच्या जोडीला सेक्शन म्हणतात; तेरा सेक्शनच्या डब्यात ३९ जण. खाली कोण कोणाच्या लाथा खायचं, देव जाणे.

खरी मजा फ्लॅट वॅगनवर, म्हणजे भिंती नसलेल्या सपाट वॅगनवर आहे. शर्मन रणगाडा २.६२ मीटर रुंद, म्हणजे आपल्या मापात ३० मिमी. माझ्या वॅगनची फळी ३३. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर! आणि खऱ्या गाडीवर हे धूड टोकाच्या उतारावरून चढवून, दोन वॅगनमध्ये पत्रे टाकून, एकीवरून दुसरीवर चालवत न्यायचे. सर्कशीच्या गाड्या अशाच भरत, म्हणून तिकडे नावच 'सर्कस लोडिंग'. रणगाड्याच्या साखळी-पट्ट्यांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे ठोकायचे. मी काडेपेटीच्या काड्या तासून चिकटवले. पहिल्या रणगाड्याला दोन संध्याकाळी गेल्या. फेव्हिक्विकचा पांढरा डाग राहिला, त्यावर चिखल रंगवला.

स्टेशनच्या भिंतीवर एक भित्तिपत्रकही लावलंय: 'तुमचा प्रवास खरंच गरजेचा आहे का?' पेट्रोल आणि टायर रेशनवर, सगळा भार रेल्वेवर. मग साध्या उतारूंना घरी बसवायला असली पत्रकं. ८ मिमीत अक्षर एकही वाचता येत नाही.

जोडपत्र्यांसाठी कोल्ड्रिंकचा डबा कापून पाहिला, पण त्याच्या कडा वळतात. दुसरा कुठला पत्रा वापरता तुम्ही?