आमची वाटचाल : गोकुळ शिरगावचं कंटेनर यार्ड

जुने कंटेनर विकणं म्हणजे भंगाराचा धंदा, असं कोल्हापुरात अजून काही जण बोलतात. त्यांना मी यार्डात बोलावतो आणि हातात हातोडा देतो. नालीदार पत्र्यावर ठोकत गेलं की चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, पुट्टी भरलेली असेल तिथं दबका. शंका आली तर लोहचुंबक लावायचं, पुट्टीवर ते धरत नाही. मग आत शिरून दारं लावून घ्यायची, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि छताकडं बघायचं. टाचणीएवढं भोक असलं तरी उजेड आत येतो. पाऊसही तिथूनच येणार. सगळ्यात शेवटी खाली वाकून तळाचे आडवे बीम बघायचे. वरून रंग मारून नवा दिसणारा बॉक्स (कंटेनरला आम्ही बॉक्सच म्हणतो) बहुतेक वेळा तिथंच सडलेला असतो. एवढं तपासल्याशिवाय आम्ही आजवर एकही बॉक्स गेटबाहेर सोडलेला नाही.

सुरुवात उद्यमनगरात, वेल्डिंगच्या गाळ्यात झाली. भांडवल माझं आणि हात आमच्या मेस्त्रींचा. कंटेनरचा कोर्टेन स्टीलचा, म्हणजे सहजी न गंजणारा पत्रा कसा कापायचा, भिंत कापली की बॉक्सची ताकद जाते म्हणून आधी चौकट कशी उभी करायची, हे त्यांनी कुणाच्या शाळेत न जाता शिकून घेतलं. खिडकी पाडायला निघालेल्या कुणालाही माझं आजही हेच सांगणं असतं की आधी लोखंडी चॅनेलची चौकट जोडा, मग कटर लावा. बॉक्सचा भार चार कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर असतो. चार कोपऱ्यांना चार पक्के कट्टे बांधा, मधे मुरूम टाकून भागवू नका.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शिरोलीचे आण्णा. त्यांची फौंड्री. लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने, ठेवायला त्यांना कोरडी, कुलूपबंद जागा हवी होती, कारण पॅटर्न ऑर्डर देणाऱ्या पार्टीचे असतात आणि एक फुगला तरी अख्खी ऑर्डर अडते. आण्णांनी एक वीस फुटी नेला, मग दुसरा, मग मुलाच्या कारखान्यासाठी चाळीस फुटी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा त्यांच्या नदीकाठच्या जुन्या गोदामात पाणी शिरलं. पॅटर्न मात्र उंच कट्ट्यावरच्या बॉक्समध्ये होते, एकालाही ओल लागली नाही. पाणी ओसरल्यावर आण्णा चिखलाच्या पायांनी यार्डात आले आणि मेस्त्रींच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवून गेले.

त्यानंतर जे झालं ते मात्र आम्हाला बुडवायला निघालं होतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर चीनमधून अमेरिका-युरोपकडं माल धो धो सुटला आणि रिकामे कंटेनर तिकडंच अडकून पडले. चीनमधून निघणाऱ्या मालाला भाडं इतकं चढं मिळायचं, की जहाज कंपन्या बॉक्स माल भरायची वाट न बघता रिकामेच चीनला परत न्यायला लागल्या. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' अडकलं, त्यानं आणखी भर घातली. एरवी बारा-पंधरा वर्षं फिरलेले बॉक्स कंपन्या विक्रीला काढतात आणि त्यावर आमचं पोट चालतं. त्या वर्षी कुणी काढायलाच तयार नव्हतं, कारण नव्या बॉक्सची किंमत जवळपास दुप्पट झालेली.

त्यात आपल्या भागाचं दुखणं वेगळं. इथल्या फौंड्रीतून निर्यात होतं ते कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंड, जड. वीस फुटी काय आणि चाळीस फुटी काय, बॉक्ससकट एकूण वजनाची मर्यादा साधारण तीस टनच. मग चाळीस फुटी घेऊन निम्मा मोकळा कोण पाठवणार? सगळ्यांना वीस फुटीच हवा आणि आयातीचा माल येतो तो बराचसा चाळीस फुटीतून. निर्यातदारालाच न्हावा शेवा बंदरात वीस फुटी मिळेना, तिथं आमच्या वाट्याला जुना कुठून येणार?

आमच्याकडं ॲडव्हान्स घेतलेल्या ऑर्डरी होत्या. ज्याच्याकडून आम्ही जुने बॉक्स घेतो त्या डेपोवाल्यानं ठरलेला भाव मोडला. याच काळात महामार्गावरच्या एका यार्डवाल्यानं आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून 'त्यांच्याकडं माल नाही, पैसे बुडाले समजा' असं सांगायला सुरुवात केली. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. त्यानं दिलेले बॉक्स होते कसले? पुट्टी भरून वरून रंग मारलेले, आणि काहींना कस्टम ड्युटीचे कागदच नाहीत. परदेशी बॉक्स देशात येतो तो सहा महिन्यांत परत बाहेर न्यायच्या अटीवर, ड्युटी न भरता. तो इथं विकायचा तर ड्युटी भरलीच पाहिजे. बॉक्सवरची चार अक्षरं आणि सात आकडे कागदावरच्या नंबराशी जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वस्त मिळाला म्हणून घेणाऱ्याला पुढं तपासणीत कोण वाचवणार?

मी घरातलं सोनं गहाण टाकलं आणि प्रत्येकाचा ॲडव्हान्स परत केला. मेस्त्रींनी पगार थांबवायला सांगितलं, स्वतःहून. आण्णांनी त्यांचे पैसे परत घ्यायला नकार दिला. 'माल येईल तेव्हा दे,' एवढंच म्हणाले. माल पुढच्या वर्षी आला आणि पहिला बॉक्स त्यांच्याकडंच गेला.

पुढची वर्षं नीट गेली. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातले हल्ले टाळायला जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, फेऱ्या लांबल्या, बॉक्स पुन्हा समुद्रावरच जास्त दिवस राहू लागले. या वेळी आम्ही तयार होतो. आता डेपोत बॉक्स बघून, त्याचा नंबर गिऱ्हाइकाला कळवल्यावरच ॲडव्हान्स घेतो आणि भाव आठवड्यापुरताच लिहून देतो.

धान्य किंवा पशुखाद्य ठेवणार असाल तर आधीच सांगा. जुन्या बॉक्सच्या तळाच्या अठ्ठावीस मिलिमीटरच्या प्लायवुडला कीडनाशक मारलेलं असतं, ते काढून तळ नवा करून द्यावा लागतो. त्याला चार दिवस जास्त लागतात. सोमवारी यार्ड बंद असतं.