आजोबा फुकट

आमच्या घरात एक चिकटवही आहे. स्क्रॅपबुक म्हणा हवं तर, पण लेक चिकटवहीच म्हणते, आणि फेविकॉल जेवढा वहीत तेवढाच सोफ्यावर गेलाय हे बघता तिचं बरोबरच आहे.

सुरुवात झाली मे महिन्यात. आम्ही चौघं एसटीनी स्वारगेटहून वाईला निघालो, कंडक्टरनी तिकिटं दिली आणि दुसरी नुकतीच संपवलेली ही बाई, जिला शाळेच्या पुस्तकाचं एक पान वाचायला पाऊण तास आणि दोन ग्लास पाणी लागतं, ती खंबाटकी घाट येईपर्यंत तिकिटंच वाचत बसली. बाबा फुल. ती हाफ, कारण बारा वर्षांच्या आतली. मग आईपण हाफ कशी, आई काय बारा वर्षांची आहे? मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट लागतं हे मी समजावतेय तोवर तिला आजोबांच्या तिकिटावरचा शून्य दिसला. पंच्याहत्तरी ओलांडली की प्रवास मोफत. हे तिला भलतंच आवडलं.

घरी आल्यावर तिकिटं चिकटवली. शेजारी काय लिहायचं ते ती बोलत गेली आणि मी जसंच्या तसं उतरवलं. "येताना बोगदा लागला आणि मी ओरडली." ओरडलीचं ओरडले करायला हात इतका शिवशिवत होता म्हणून सांगू! पण नाही केलं, कारण मग ते वाक्य माझं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिनी बोट ठेवून धडाधड वाचलं. मला वाटलं ही वाचत नाहीये, पाठ म्हणतेय, आणि असेलही तसं, पण आठवड्याभरानी पेपरात 'बोगदा' दिसल्यावर "हा आपला बोगदा!" म्हणून किंचाळली तेव्हा मी गप्प बसले.

मग वही वाढत गेली. लग्नपत्रिकेचा गणपती, चिक्कीचा कागद, आजीचा शाळेतला फोटो. त्या फोटोखाली लेकीनी "डावीकडे आज्जी" असं लिहिलं तर आजीनी, जिनी वाण्याच्या यादीपलीकडे कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं, पेन मागून घेऊन खाली लिहिलं, ती मी नव्हे, ती चुलत बहीण, मी मागे लपलेय.

दिवाळीत वही उघडली तर एसटीची तिकिटं कोरी! त्या कागदात शाई नसतेच, उष्णतेनी काळा पडणारा थर असतो आणि तो उडून जातो. मी हळहळले, पण लेकीनी पेन्सिल घेऊन सगळं आठवून परत लिहून काढलं. "सवारगेट ते वाई. बाबा फूल. आई हाप. मी हाप. आजोबा फुकट."

बाबा फूल यावर आम्ही दोन दिवस हसलो. आजोबा मात्र दुखावले. निळ्या पेननी त्यांनी 'फुकट' खोडून वर ठसठशीत 'ज्येष्ठ' लिहिलं. आता हे जोडाक्षर तिच्याच्यानी काही फुटेना. ज-ये-ष-ठ, जे-षट, करत करत ती स्वयंपाकघरात गेली, डबे खडखडवले आणि खोकल्यासाठी आणलेल्या ज्येष्ठमधाच्या पाकिटाचं लेबल घेऊन आली.

आता ते आजोबांच्या शेजारी चिकटवलंय. पावडर कुठे सांडली ते मी अजून शोधतेय.