माफीसकट दगड

सातव्या शतकातल्या इजिप्तमध्ये दगडावर चिठ्ठी लिहिणारा पुष्कळदा माफीही मागायचा. पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद, मिळाला नाही, राग मानू नये. ही ओळ इतक्या जणांच्या पत्रांत येते की मला ती अडचणीपेक्षा रीतच वाटते.

लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, फारोंच्या काळातल्या थडग्यांत तेव्हा ख्रिस्ती संन्यासी राहत. पपायरसला पैसे पडत. चुनखडीच्या कपच्या मात्र पायाखालीच, त्याही पांढऱ्या आणि बऱ्यापैकी गुळगुळीत. नाहीतर फुटक्या मडक्याचं खापर. बोरू काजळाच्या शाईत बुडवायचा आणि कॉप्टिकमध्ये लिहायचं, म्हणजे भाषा इजिप्शियनच, पण ग्रीक अक्षरं आणि जोडीला जुन्या इजिप्शियन लिपीतली मोजकी. जागा संपली की दगड उलटा करायचा.

संन्याशांची पत्रं म्हटल्यावर अध्यात्म हवं. ते नमस्कार-आशीर्वादात उरकतं, आणि मग खरं काम सुरू होतं. फ्रांगे नावाचे एक बुवा अमेनेमोपे या वजिराच्या थडग्यात बस्तान मांडून होते. कापड विणायचे, पुस्तकं बांधायचे आणि पत्रं तर किती लिहावीत! त्या एका थडग्यात लेख असलेली शेकडो खापरं आणि दगड निघाले. अमुक पाठवा, तमुक पोचलं का, अशी कामं. संसार सोडलेल्या माणसाचा एवढा पत्रव्यवहार पाहून मला ते फार आवडू लागले. पाकीट अर्थातच नाही. नेणाऱ्याला वाचता येत असेल तर आपल्याकडच्या पोस्टकार्डासारखं सगळं उघडं.

शेजारीच देर अल-बहारीला, हात्शेप्सुत राणीच्या देवळाच्या अवशेषांवर मठ होता. इसवी सन 600च्या सुमारास बिशप अब्राहम तिथूनच कारभार पाहत. एकोणिसाव्या शतकात उत्खनन करणाऱ्यांना राणी हवी होती, म्हणून त्यांनी मठाच्या भिंती पाडून टाकल्या, धड नोंदीही न ठेवता. याचा मला अजून राग येतो. दगड तेवढे पुष्कळ वाचले. कॉप्टिकचे अभ्यासक वॉल्टर क्रम यांनी असे लेख वर्षानुवर्षं वाचून काढले, 1902मध्ये त्यांचा एक संग्रह छापला आणि पुढे 1939मध्ये पुरा झालेल्या आपल्या कॉप्टिक शब्दकोशात त्यांतले दाखले घातले. त्या कोशात बायबलमधल्या वचनांच्या पंगतीला या चिठ्ठ्यांमधली घरगुती वाक्यंही बसली आहेत.